बोरघाट कोणी बांधला?

आम्हा हैदराबादकर मराठी मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीला दोन ठरलेले वास असायचे. जाताना गाडीच्या तापलेल्या ब्रेकचा आणि येताना कर्जतच्या वड्याचा. नामपल्लीहून रात्री मुंबई एक्स्प्रेस सुटायची. वाडी, सोलापूर, दौंड सगळं झोपेतच मागे जायचं. पुण्यात आई उठवायची, "चला, तोंड धुवून घ्या, आता घाट येईल." मग लोणावळा जाईपर्यंत आम्ही दोघं भावंडं खिडकीसाठी भांडायचो आणि खंडाळ्यानंतर पहिला बोगदा आला की भांडण विसरून ओरडायचो.

घाटात एक गोष्ट मात्र कळायची नाही. गाडी मध्येच थांबायची. ना स्टेशन, ना फलाट, ना चहावाला. एका बाजूला दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. मिनिटभर थांबून गाडी पुन्हा हळूच निघायची. बाबांना विचारलं की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "घाट आहे. गाडी दम खाते." आमचं समाधान व्हायचं.

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीला मावशीकडे जाताना तोच घाट, तीच खिडकी आणि खिडकीत माझी सात वर्षांची लेक. एका बोगद्यातून बाहेर पडून गाडी उंच पुलावर आली. तिने खाली पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे कोणी बांधलं?"

"ब्रिटिशांनी," मी म्हणालो.

"म्हणजे कोणी?"

मी गप्प. "तू इंजिनिअर आहेस ना?" असं म्हणून तिने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. मी बी. ई. झालेला माणूस. तीस वर्षं या घाटातून जातो-येतो आणि तो आखणाऱ्या माणसाचं नावही मला ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूने इतकंच सांगता येईल, की डब्यातल्या इतर कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

त्या नावाचा शोध घ्यायला मला आणखी एक कारण होतं, ते पुढे सांगतो. आधी नाव सांगतो. जेम्स जॉन बर्कले.

बर्कलेचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ चा, लंडनमधल्या हॉलोवेचा. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये. विशीत तो रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली आला. हा स्टीफन्सन म्हणजे वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा आणि स्वतःही त्या काळातला मोठा इंजिनिअर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला, म्हणजे जी. आय. पी. ला, मुंबईसाठी मुख्य इंजिनिअर हवा होता. स्टीफन्सनने आपल्या या शिष्याचं नाव सुचवलं. फेब्रुवारी १८५० मध्ये बर्कले मुंबईत उतरला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. आमच्या क्षेत्रात तिशीच्या माणसाला फार तर टीम लीड करतात. त्याच्या हाती एका अख्ख्या प्रदेशाची रेल्वे आली.

पहिला टप्पा आपण सगळे जाणतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. या कंपनीच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण ठाण्यापर्यंतचे २१ मैल म्हणजे बर्कलेच्या दृष्टीने सोपा पेपर होता. जमीन बहुतेक सपाट. अवघड पेपर पुढे सह्याद्रीत ठेवलेला होता.

कंपनीला ठाण्याला जायचंच नव्हतं. तिला जायचं होतं दख्खनच्या पठारावर, वऱ्हाड-खानदेशच्या कापसापर्यंत. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो बैलांच्या पाठीवरून, घाट उतरून, आठवडेच्या आठवडे घेत मुंबईला यायचा. पावसाळ्यात तर वाटच बंद. रेल्वे आपल्यासाठी आली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती कापसासाठी आणि लष्करासाठी आली. आपण नंतर तिच्यात बसलो आणि तिला आपली करून टाकली.

पण कोकण आणि पठार यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. सुरुवातीच्या आखणीत माळशेज घाटाचा विचार होता, तो व्यवहार्य नव्हता. शेवटी दोन वाटा ठरल्या. ईशान्येला, इगतपुरीकडे जायला थळ घाट. आग्नेयेला, पुण्याकडे जायला बोरघाट, ज्याला इंग्रज भोर घाट म्हणत. हे दोन्ही घाट बर्कलेच्या देखरेखीखाली आखले गेले.

सप्टेंबरच्या शेवटी, गणपती झाल्यावर, आम्ही चौघं दोन दिवस खंडाळ्याला जाऊन राहिलो. बायको, लेक, मी आणि बाबा. आई गेल्यापासून बाबा फारसे कुठे जात नाहीत, पण 'घाट बघायला' म्हटल्यावर तयार झाले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांत तीस वर्षं काढलेला माणूस. गुडघे दुखतात, पण काही बांधकाम दिसलं की थांबून बघायची सवय गेलेली नाही.

पहिल्या सकाळी राजमाची पॉइंटवर गेलो. नुकता पाऊस उघडला होता. समोर दरी हिरवीगार, खाली द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग आणि डोंगराच्या कुशीतून मध्येच दिसणारी, मध्येच बोगद्यात शिरणारी रेल्वे. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चढ किती आहे?"

मी पाठ करूनच गेलो होतो. "सगळ्यात अवघड जागी सदतीसला एक."

म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्याला चालताना हा चढ जाणवणारही नाही. पण रेल्वेत लोखंडी चाक लोखंडी रुळावर असतं. त्यांच्यात घर्षण कमी, म्हणून सपाटीवर एक इंजिन एवढी मोठी गाडी ओढू शकतं. चढावर मात्र तोच फायदा तोटा होतो. चाकं घसरायला लागतात. म्हणूनच आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. लहानपणी कर्जतला गाडी इतका वेळ थांबते ती आपल्याला वडे खाता यावेत म्हणून, असं मला वाटायचं.

बर्कलेच्या मूळ मार्गाचे आकडे असे होते. घाटाची लांबी जवळपास सोळा मैल, म्हणजे पंचवीस किलोमीटर. त्यात चढायचे १,८३१ फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानींचे पूल, शिवाय लहान पूल आणि मोऱ्या वेगळ्या. सरासरी चढ साधारण सेहेचाळीसला एक. या आकड्यांमागचा खरा प्रश्न मला राजमाची पॉइंटवर उभं राहिल्यावर कळला. डोंगर सरळ चढता येत नाही, म्हणून कडेकडेने लांब वळसा घेत चढायचं. पण वर खंडाळ्याजवळ कडा इतका तुटलेला आहे, की वळसा घ्यायला जागाच उरत नाही. पुढे दरी, बाजूला कडा. आता?

बर्कलेच्या आखणीतलं उत्तर असं होतं, की गाडी वळवायचीच नाही. डोंगराच्या एका सोंडेवर सपाट जागा करून तिथे स्टेशन बांधायचं. चढून आलेली गाडी तिथे थांबेल. पुढचं इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाईल आणि आतापर्यंतचं गाडीचं शेपूट आता तोंड होऊन उरलेला चढ चढेल. याला 'रिव्हर्सिंग स्टेशन' म्हणत. कागदावर इंग्रजी झेड अक्षरासारखी रेघ. अमृतांजन पूल आठवतो ना? वेदनाशामक बामच्या जाहिरातीमुळे ते नाव पडलेला १८३० चा जुना रस्त्याचा पूल, जो एप्रिल २०२० मध्ये पाडला. त्याच परिसरात हे स्टेशन होतं. १८६३ पासून १९२९ पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षं, मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी इथे येऊन उलटी फिरत असे. पुढे विजेची इंजिनं येण्याच्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग बदलला आणि ते स्टेशन बंद झालं.

बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, "म्हणजे पुढे जायला जागा नाही म्हणून मागे फिरला, पण वर चढला."

मला ते लागलं. आता दुसरं कारण सांगतो.

मी चार वर्षं एका कंपनीत एक प्रणाली बांधत होतो. दुकानदारांचे पैसे इकडून तिकडे बिनचूक पोचवणारी. सुरुवातीला दोघं होतो, नंतर चौदा झालो. रात्री-अपरात्री फोन यायचे, लेकीच्या एका वाढदिवसाला मी केक कापताना लॅपटॉप उघडून बसलो होतो. गेल्या मार्चमध्ये एका बैठकीत कळलं, की ही प्रणाली बंद होणार, तिच्या जागी दुसरी येणार आणि ती दुसरा गट करणार. वीस मिनिटांची बैठक. कोणी काही चुकीचं केलं नव्हतं. आमच्या धंद्यात असंच होतं. पण त्यानंतर माझं कशातच मन लागेना. जे चार वर्षांत पुसलं जाणार, त्यासाठी रात्री का जागायचं? घरात मी हे बोललो नव्हतो. बायकोला अंदाज होता, बाबांना तोही नव्हता असं मी समजत होतो.

म्हणून लेकीने 'हे कोणी बांधलं' विचारलं, तेव्हा मला तो प्रश्न वेगळाच टोचला. इतकं मोठं, दीडशे वर्षांहून जुनं, रोज लाखो लोक वापरतात असं काम. आणि तरी नाव नाही. मग माझ्या चार वर्षांचं काय घेऊन बसलात?

बर्कलेचं पुढे काय झालं, ते मी त्या रात्री खोलीवर सगळ्यांना सांगितलं. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. वरच्या बाजूने पुणे ते खंडाळा गाडी १८५८ मध्येच धावू लागली, खालून मुंबईहून गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, बैलगाडीतून पार करायचा. दोन्हीकडे रेल्वे आणि मध्ये डोंगर, अशी पाच वर्षं गेली. बर्कलेची प्रकृती मुंबईच्या हवेत आणि कामाच्या ओझ्याने ढासळली. १८६१ मध्ये तो इंग्लंडला परतला. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम इथे तो वारला. वय बेचाळीस. बोरघाट सुरू झाला २१ एप्रिल १८६३ रोजी. अवघ्या आठ महिन्यांनी. ज्या घाटासाठी त्याने दहा वर्षं घालवली, त्यातून मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी त्याने पाहिली नाही.

"अरेरे," बायको म्हणाली. लेक झोपली होती. बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या रस्त्याने घाट उतरून शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. या वाटेने जाणारे ट्रकवाले इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. कथा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. इंग्रजांना घाटातली वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराला डोंगराची खडान्‌खडा माहिती. त्याने आपली गुरं जातात ती वाट दाखवली. काय बक्षीस हवं, असं विचारल्यावर तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही कथा रस्त्याची सांगतात, कोणी रेल्वेची. ही लोककथा आहे, कागदपत्रांतला इतिहास नव्हे. पण ती का टिकली असेल, हे मला घाटाच्या कामाचा इतिहास वाचून समजलं.

कारण तो इतिहास फार साधा नाही. १८६१ च्या सुरुवातीला या घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसं एका वेळी राबत होती. दगडफोडे वडार, आसपासचे शेतकरी, दूरवरून आलेले मजूर. बायका आणि पोरंही. डायनामाइटचा शोध लागायचा होता. पहारीने आणि हातोड्याने काळ्या पत्थरात भोक पाडायचं, त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि वात पेटवून पळायचं. काही ठिकाणी पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसं वरून दोराला लटकून कड्यात भोकं पाडत. पावसाळ्यात काम बंद. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पाठोपाठ पटकी. किती माणसं मेली, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल या पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं.

नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस बरोबर आली होती. परक्या देशात, नवरा गेलेला, समोर अर्धवट घाट. तिने ठेका सोडला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांना व्यवस्थापनाला घेतलं आणि काम पुरं केलं. पंचवीस बोगद्यांच्या घाटाची शेवटची ठेकेदार एक बाई होती, हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे शाळेत का नाही शिकवलं?"

देवळाच्या पायरीवर बसून बाबांनी विचारलं, "आणि बांधकाम कसं होतं? टिकलं?"

बाबा नेहमी नेमका तोच प्रश्न विचारतात, जो तुम्हाला टाळायचा असतो. सगळं टिकलं नाही. १८६७ मध्ये घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. चौकशीत दगडी बांधकामाचा दर्जा निकृष्ट निघाला आणि देखरेखीवर ठपका आला. जी. आय. पी. च्या इतर पुलांवरही अशीच टीका झाली आणि अनेक पूल नव्याने बांधावे लागले. घाई, लांबलेली ठेक्यांची साखळी आणि तपासायला अपुरी माणसं. बर्कले तेव्हा हयात नव्हता, पण मुख्य इंजिनिअर तोच होता. मला त्याला देव करायचं नाही. आखणी उत्तम होती, म्हणून बांधणीतली चूक माफ होत नाही.

"मग आज आपण ज्यावरून जातो ते बर्कलेचं किती?" बाबांनी विचारलं.

मी मनात हिशेब केला. रिव्हर्सिंग स्टेशन गेलं. काही पूल पडले, काही बदलले. वरच्या टप्प्यातला मार्ग बदलला, नवे बोगदे आले. रूळ तर कितीदा बदलले. दोन रुळांच्या जोड्या होत्या, तिसरी आली. वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली. उरली ती वाट. कर्जतकडून पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत डोंगराच्या कोणत्या कुशीतून चढायचं, हा निर्णय.

"वाट उरली," मी म्हणालो.

बाबा हसले. "आमच्या खांबांवर कोणाची नावं असतात का रे? मी टाकलेल्या निम्म्या लाइनी आता काढून टाकल्यात. जमिनीखालून केबल गेली. पण वीज गेली नाही ना कोणाची? झालं तर." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझं मार्चपासून काहीतरी बिनसलंय. बोलत नाहीस, म्हणून मी विचारत नव्हतो."

आम्ही तिथे अर्धा तास बसलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण चार वर्षांच्या कामाबद्दल मी पहिल्यांदा रडकुंडीला न येता बोलू शकलो.

संध्याकाळी खंडाळा स्टेशनवर गेलो. फलाटावर तुरळक माणसं. हातात हातोडा, पाठीवर पिशवी, अंगात नारिंगी जाकीट घातलेला एक ट्रॅकमन बाकावर बसून चहा पीत होता. बाबांनी लगेच गप्पा सुरू केल्या. तो म्हणाला, घाटात पावसाळ्याचे चार महिने रात्रंदिवस गस्त असते. पावसाळ्याआधी वरच्या कड्यावरचे सुटे दगड शोधून पाडायचे, मग पाऊसभर रुळाने चालत राहायचं. "दगड कधी सुटंल सांगता येत न्हाई," तो म्हणाला, "गाडीच्या आधी आपल्याला कळाया पायजे, एवढंच बघायचं." किती वर्षं झाली विचारलं, तर म्हणाला, एकोणीस. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. गाडी आली, तो उठून हिरवा झेंडा घेऊन उभा राहिला.

लेकीने त्यालाच विचारलं, "काका, गाडी घाटात मध्येच का थांबते?"

त्याने सांगितलं आणि मला तीस वर्षांनी उत्तर मिळालं. उतरणीवर मुख्य रुळाला मध्ये मध्ये एक फाटा काढलेला असतो. तो डोंगराच्या बाजूला, चढाकडे जातो. त्याला 'कॅच सायडिंग' म्हणतात. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तिथे येऊन थांबली, म्हणजे ब्रेक ठीक आहेत आणि गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात आहे. मगच सांधा मुख्य रुळाकडे वळतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली असेल, तर ती आपोआप फाट्यावर चढून थांबेल, दरीत जाणार नाही. म्हणजे घाट प्रत्येक गाडीवर आधी अविश्वास दाखवतो. तुझे ब्रेक चालतात हे सिद्ध कर, मग पुढे जा. आम्ही संगणकवाले हेच तत्त्व मोठमोठ्या नावांनी वापरतो. इथे ते रुळांत आणि सांध्यात घडवलेलं आहे.

"म्हणजे दम खाते, हे मी काही अगदीच चूक सांगितलं नव्हतं," बाबा म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, घाट महाराष्ट्रातला, इंजिनिअर इंग्लंडचा, यात आपलं हैदराबाद कुठे आलं? त्याचंही उत्तर मला याच शोधात मिळालं. बोरघाट झाला म्हणून मुंबई पठाराला जोडली गेली. पुण्याहून सोलापूरपर्यंत रूळ १८६० मध्येच पोचले होते, ते पुढे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेले. मग निजामाच्या राज्याने वाडीहून आपली रेल्वे काढली आणि १८७४ मध्ये हैदराबाद-सिकंदराबाद मुंबईला जोडलं गेलं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, सोयरिकीसाठी इकडून तिकडे जाणाऱ्या आपल्या किती पिढ्या या वाटेने गेल्या असतील? माझे आजोबा याच वाटेने आजीला लग्न करून हैदराबादला घेऊन आले. आई दर मे महिन्यात याच वाटेने माहेरी जायची. आपण इतकी वर्षं हैदराबादेत राहून घरात मराठी बोलतो, त्यात आपल्या शाळांचा, ग्रंथालयांचा, गणेशोत्सवांचा वाटा आहेच. पण थोडा वाटा या घाटाचाही आहे. मामाचं गाव एका रात्रीवर आलं, म्हणून मुलांच्या कानावर दरवर्षी महिनाभर मराठी पडत राहिली.

खंडाळ्याहून आम्ही डोंबिवलीला मावशीकडे गेलो आणि दोन दिवसांनी कल्याणहून परतीची गाडी धरली. कर्जतला बँकर जोडायला गाडी थांबली. मी खाली उतरून वडे आणले. मागून हलकासा धक्का बसला, तेव्हा लेक म्हणाली, "लागली इंजिनं."

तिने ठरवलं होतं, बोगदे मोजायचे. मी बजावलं होतं, की पंचवीस येणार नाहीत, कारण आताचा मार्ग वेगळा आहे. ती बोटांवर मोजत होती, बाबा वहीत रेघा मारत होते. दोघांचे आकडे जमेनात. एका बोगद्यात ती वडा खात होती, एकात बाबांचा चष्मा पुसायचा राहिला होता. मंकी हिलच्या आसपास दोघांचं त्यावरून भांडण जुंपलं. समोरच्या बाकावर पुण्याचं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलाने हे ऐकून विचारलं, "पण हे बोगदे कोणी बांधले?"

माझ्या लेकीने तोंडातला घास गिळला आणि सांगायला सुरुवात केली. बर्कलेपासून सुरू केलं, मग दोराला लटकणारी माणसं, ॲलिसबाई, शिंग्रोबा आणि खंडाळ्याचे हातोडेवाले काका. क्रम सगळा चुकला. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

गाडी खंडाळ्याकडे चढत होती. मागून इंजिनं ढकलत होती.